शून्य आणि दहाच्या मधला नांगर

मोजलेला आकडा कुणाच्याही बाजूचा नसतो. तो मालकाचा नसतो, मजुराचा नसतो, विकणाऱ्याचा नसतो आणि घेणाऱ्याचा तर नसतोच. प्राध्यापक मल्हारी गवारे हे वाक्य दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत आणि त्याच्याखाली दोन रेघा मारीत. सन अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात ते एका बुधवारी राहूला जाऊन आले. तेव्हापासून पहिला तास ते हजेरी घेण्यात घालवतात.

राहूला ते गेले एका नांगरासाठी. नांगर गनी मिस्त्रीचा होता. शिरूर तालुक्यात कवठे येमाईच्या एसटी स्टँडसमोर गनीचं वर्कशॉप होतं. वीस-बावीस वर्षं त्यानं नांगर, कुळव आणि पाभरी केल्या. मग ट्रॅक्टर आले आणि लोक त्याच्याकडं खिडक्यांच्या जाळ्या मागायला लागले. गावात चोरीला जाण्यासारखं फारसं काही नव्हतं, पण शेजाऱ्याच्या खिडकीला जाळी लागली की आपल्या घरात काही तरी आहे असं वाटावं म्हणून प्रत्येकाला जाळी हवी होती. गनी जाळ्या करी. मोर असलेली, कमळ असलेली, नुसती चौकोनी. पण दिवसभर चौकोन जोडून झाले की तो वर्कशॉपच्या कोपऱ्यात जाऊन एका नांगराच्या पात्याला ठोकत बसे. असा ठोकत तो दोन वर्षं बसला होता.

त्याचं म्हणणं एवढंच होतं की माती उलटवणाऱ्या पात्याचा बाक जरा वेगळा दिला तर नांगर हलका जातो आणि बैलाला कमी ओढावं लागतं. हे सगळ्यांना पटलं आणि कुणीच नांगर घेतला नाही. कारण सरकारी यादीत असलेल्या नांगराला सवलत होती आणि गनीचा नांगर यादीत नव्हता. यादीत येण्यासाठी एखाद्या कॉलेजाकडून ओढ मोजून घ्यायची होती. अर्ज घेणं चाचणीच्याच आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होतं, आणि पुढची यादी तीन वर्षांनी निघायची होती.

"तीन वर्सं थांबाय काय न्हाई," गनी बायकोला म्हणाला. "पर तवर माझा हात निस्ता चौकोनच वळंल. बाक इसरंल त्यो."

बायको म्हणजे बानू. ती नवऱ्यापेक्षा कमी बोलायची आणि त्याच्यापेक्षा लवकर ठरवायची. गनीच्या विनंतीला उत्तर म्हणून आलेल्या गवारे सरांच्या पत्रात लिहिलं होतं की चाचणीला मध्यम काळी जमीन पाहिजे, जमिनीला वाफसा, म्हणजे बेताची ओल पाहिजे आणि बैलजोडी उत्तम पाहिजे. कवठ्याची जमीन मुरमाड. पण बानूचं माहेर दौंड तालुक्यातलं राहू. तिचे वडील तिथं पोस्टमन होते आणि त्यांनी राहूच्या प्रत्येक वस्तीवर पत्रं पोचवली होती. राहूला काळी जमीन होती आणि सावळाराम आप्पाही होते.

आप्पांच्या जोडीचं नाव मथुऱ्या आणि वजीर. पंचक्रोशीत असली जोडी नाही, असं आप्पा म्हणत आणि पंचक्रोशी त्यांच्यासमोर ते मान्य करी. गाव त्यांना आप्पा म्हणे, बानू लहानपणापासून मामा म्हणे. तिनं निरोप धाडला तेव्हा आप्पांनी उलट निरोप दिला की गावच्या जावयाचा नांगर आहे, दुसऱ्या कुणाची बैलं मागितलीस तर तुझं माहेर तुटलं असं समज.

आता गवारे सरांच्या साहित्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्यातच होता. साहित्य दोन नग होतं. पहिला नग म्हणजे वीतभर लांबीचा पोलादी तुकडा. त्याच्या अंगावर टिकलीएवढी एक पट्टी चिकटवलेली होती. हा तुकडा नांगर आणि जू यांच्यामधल्या साखळीत अडकवायचा. बैलांनी ओढलं की पोलाद डोळ्याला दिसणार नाही इतकं ताणतं, त्याच्याबरोबर ती टिकली ताणते, आणि तिला बॅटरी जोडलेली असली तर ताणाच्या हिशेबात किंचित वीज बाहेर देते. याला सर सेन्सर म्हणत. दुसरा नग म्हणजे एक करडा डबा. सेन्सरनं दिलेली वीज तो मोजायचा आणि तिचा आकडा पाटाएवढ्या लॅपटॉपवर दाखवायचा. सेन्सर एका वर्षीच्या खरेदीत आला होता आणि डबा दुसऱ्या वर्षीच्या. दोन्ही वेळा तपासणी होऊन 'उत्तम स्थितीत' असा शेरा पडला होता. लग्नाआधी एकमेकांना बघण्याची पद्धत माणसांत आहे, खरेदी विभागात नाही. सेन्सर आणि डबा एकमेकांना पहिल्यांदा भेटले ते राहूला, आप्पांच्या वावरात, सकाळी साडेनऊला.

वावरात तोवर पंधरा-वीस माणसं जमली होती. मथुऱ्या आणि वजीर यांना धुऊन, शिंगं रंगवून, झुली घालून आणलं होतं. नांगराच्या चाचणीला झुली लागत नाहीत हे सांगायचा धीर कुणाला झाला नाही. बांधाच्या पलीकडं दगडोबाचं वावर होतं. दगडोबा खुटबावचा. बायकोच्या वाट्याची जमीन राहूत असल्यामुळं तो रोज आपल्या जुन्या फटफटीवरून खुटबावहून यायचा. त्याची बैलजोडी बांधाला बांधलेली होती, आणि आप्पांच्या बैलांबद्दलचं त्याचं मत सगळ्या दौंड तालुक्याला माहीत होतं. तो बांधावर येऊन उकिडवा बसला आणि आपण पाहुणे आहोत असा चेहरा करून बघायला लागला.

सरांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. नांगर चालला की या डब्यावर आकडा येईल. आकड्यावरून किती किलोची ओढ लागली ते कळेल. यात न कळण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कुणी काही विचारलं नाही. गनीला त्यातून एवढं समजलं की आकडा जितका लहान तितका आपला नांगर हलका. आप्पांना एवढं समजलं की आकडा जितका मोठा तितके आपले बैल भारी. दोघांनीही समाधानानं माना डोलावल्या.

सेन्सर साखळीत अडकवला. त्याला वीज देण्यासाठी, नांगर ज्यातून आणला होता त्या टेम्पोची बॅटरी काढली आणि डबा व बॅटरी एका घमेल्यात ठेवून नांगराच्या बरोबरीनं चालायला आप्पांचा पुतण्या दत्ता याला नेमलं. लॅपटॉप सरांनी स्वतः छातीशी धरला. आप्पांनी कासरा हातात घेतला, बैलांना हाक दिली, आणि वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नांगराची पहिली रेघ, म्हणजे पहिलं तास पडलं. काळी माती पात्यावरून लाटेसारखी उलटत गेली. गनी मागून चालताना मातीकडं बघत होता, नांगराकडं नाही.

तासाच्या शेवटाला सर थांबले. त्यांनी लॅपटॉपच्या पडद्यावर सावली धरली.

"किती आला?" आप्पांनी विचारलं.

सर म्हणाले, शून्य.

गनीला आपण ऐकलं ते खरं वाटेना. दोन वर्षं ठोकाठोक केली तेव्हा नांगर थोडा हलका होईल अशी त्याची अपेक्षा होती. नांगराला ओढच लागणार नाही इतकी प्रगती त्यानं स्वप्नातही धरली नव्हती. त्यानं मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले आणि मोठ्यानं सरांना विचारलं, "लिवलं का सर? लिवून घ्या."

"काय लिवून घ्या?" आप्पा वळले. "शून्य? म्हंजी माझी बैलं चालली कशानं, वाऱ्यानं?"

"तसं न्हाई आप्पा. नांगुर हलका हाय म्हनून..."

"जावयबापू, नांगुर हलका आसंल. पर माझी बैलं शून्य न्हाईत."

बांधावरून दगडोबा शांतपणे म्हणाला, "आप्पा, वाईट वाटून घिऊ नगा. आमच्या खुटबावात शून्य वडणारी जनावरं लई हायती. आमी त्येंच्या धारा काढतो."

यानंतर काम शास्त्राच्या हातात राहिलं नाही. आप्पांनी नांगर आणखी चार बोटं खोल लावायला सांगितला. बैल फुसफुसायला लागले आणि घमेलं घेतलेल्या दत्तालाही घाम आला. आकडा आला शून्य. मग आप्पांनी नांगरावर एक माणूस उभा केला. तरी शून्य. एकदा मध्येच शून्य पूर्णांक शून्य एक असं काही तरी दिसलं, तेव्हा आप्पांनी झटक्यात बैल थांबवले आणि ते किती किलो झालं ते विचारलं. सर म्हणाले की ते बहुतेक काहीच झालं नाही. दगडोबानं दोन बोटं वर करून तो आकडा लक्षात ठेवल्याची खूण केली. शनिवारी यवतच्या बाजारात तो कुठल्या आवाजात सांगितला जाणार हे आप्पांना आत्ताच ऐकू यायला लागलं.

गनीचा आनंदही एव्हाना ओसरला होता. नांगरावर माणूस उभा राहून ओढ शून्य येते म्हटल्यावर नांगराचं कौतुक करायचं की डब्याची चौकशी, हे लोहाराला कळतं. बानू टेम्पोच्या सावलीत उभी होती. ती सरांकडं जाऊन हळूच म्हणाली, "सर, ह्यो डबा ऐकतोय ना?"

सर चपापले. कारण नेमकं तेच त्यांच्याही मनात आलं होतं.

त्यांनी बॅग उघडून दोन्ही नगांची माहितीपत्रकं काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती शेजारी-शेजारी ठेवून वाचली. सेन्सर जास्तीत जास्त एका व्होल्टचे हजार तुकडे करून त्यातले वीस-पंचवीस तुकडे देणारा होता. आणि डबा शून्य ते दहा व्होल्ट मोजणारा होता. म्हणजे एकजण कानात कुजबुजत होता आणि दुसऱ्याला तमाशाच्या फडाशिवाय काही ऐकायची सवय नव्हती.

पण यावर इलाज आहे, असं सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पुन्हा जान आली. डब्याला एक बटण होतं. आलेली वीज किती पट वाढवून मोजायची ते त्यानं ठरवता यायचं. एक पट, दहा पट, शंभर पट आणि हजार पट. सरांनी ते शंभरावर फिरवलं. बटण शंभरावर थांबलं नाही. दहावरही थांबलं नाही. मधली दोन्ही घरं विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिकांत फिरवून फिरवून झिजवली होती, आणि प्रात्यक्षिकांच्या वहीत त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण मिळालेले होते. बटण एकावर थांबे, नाही तर खटकन हजारावर जाई.

"मग हजारच ठेवू," सर म्हणाले.

पुन्हा तास पडलं. या वेळी सर थांबले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. आकडा होता दहा.

"कितीतनं?" आप्पांनी विचारलं.

"म्हणजे... दहाच्या वर हा मोजत नाही."

"म्हंजी धातले धा," आप्पा म्हणाले. त्यांनी कासरा दत्ताकडं दिला, पटका सोडला, पुन्हा बांधला आणि बांधाकडं बघितलं. दगडोबा दुसरीकडं बघत होता. आप्पांनी चहा मागवला. सरांना स्वतःच्या हातानं बशी दिली. शिकलेल्या माणसाची गोष्टच वेगळी, असंही ते म्हणाले.

चहा प्यायला नाही तो एकटा गनी. त्यानं खालच्या आवाजात सरांना विचारलं की धातले धा म्हणजे माझा नांगर सगळ्यात जड का? सर म्हणाले, तसं एकट्याच्या आकड्यावरून सांगता येत नाही, तुलनेला जुना नांगर लावून बघू. आप्पांच्या गोठ्यात जुना लोखंडी नांगर होता. तो आणला, सेन्सर त्याला जोडला, बैल तेच, तास शेजारचं. आकडा आला दहा. जराही कमी नाही, जराही जास्त नाही.

गनी ढेकळावर बसला. दोन वर्षांच्या बाकाची किंमत त्याला पडद्यावर दिसली होती. सकाळी त्याचा नांगर जगातला सगळ्यात हलका होता आणि दुपारी तो आप्पांच्या गोठ्यातल्या गंजक्या नांगराएवढा झाला होता. आणि मध्ये फक्त एक बटण फिरलं होतं. बानू त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिला माहीत होतं की या वेळी तो मनातल्या मनात चौकोन मोजतो आहे.

आप्पांना जावयाचं वाईट वाटलं. पण दहा आकडा सोडवेना. ते सांत्वनाच्या सुरात म्हणाले की बैल इतके ताकदीचे असल्यावर नांगर कुठलाही लावा, आकडा दहाच येणार, त्याला कोण काय करणार? हे ऐकून दगडोबा उठला. तो म्हणाला, मग माझी जोडी पण लावून बघा की. आप्पा हसले आणि लाव म्हणाले. ही त्यांची चूक झाली.

दगडोबाची बैलं उंचीनं कमी, अंगानं बेतास बात, आणि सकाळपासून उन्हात बांधलेली. ती गनीचा नांगर घेऊन डुलत डुलत निघाली. एकानं मध्ये थांबून शेण टाकलं. तासाच्या शेवटाला सर थांबले, आणि आकडा वाचायच्या आधी त्यांनी एकदा आप्पांकडं बघितलं.

"बोला की," आप्पा म्हणाले.

"दहा."

दगडोबानं आपल्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "धातले धा. आन् मधी शेनबी टाकलं."

आप्पांनी यंत्र घेऊन जायला सांगितलं. अगदी तसंच नाही सांगितलं, पण पाहुण्यांना उन्हातनं परतायला त्रास होईल, लवकर निघालेलं बरं, असं ते म्हणाले, आणि राहूत त्याचा अर्थ तोच होतो. वाजले होते दीड. जेवायच्या आधी माणसाला घालवायची पद्धत नव्हती, म्हणून सगळे वावराला लागूनच असलेल्या आप्पांच्या वस्तीवर जेवायला गेले.

आप्पांच्या पत्नी कस्तुराबाई यांनी भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा वाढला. ओसरीवर आप्पा, दगडोबा, गनी आणि सर चार दिशांना तोंडं करून जेवत होते. बानू कस्तुराबाईंना भाकरी थापू लागली होती. कस्तुराबाईंनी काय झालं ते विचारलं, तेव्हा बानूनं चुलीपाशीच सगळं सांगितलं. डबा एक तर काहीच ऐकत नाही, नाही तर ठणाणा करतो, मधलं काही नाही. सर ओसरीच्या कडेला, दाराजवळ बसले होते. त्यांच्या कानावर ते सगळं जात होतं.

कस्तुराबाई म्हणाल्या, "मंग ह्येंच्या कानावानीच झालं की. हळू बोलावं तर 'काय म्हनलीस', मोठ्यानं बोलावं तर 'वरडतीस कशापायी'. एकतीस वर्सं झाली."

"मग मामी, तुमी काय करता?"

"मी कशाला काय करू? कान काय दुसरा मिळनार हाय? मी लांबनं बोलती. हितनं, चुलीपासनं वरडती. त्येंच्यापतुर जातुया तवर आवाज निम्मा व्हतो. बरुबर आइकत्यात."

ओसरीवरून आप्पा म्हणाले, "काय म्हनलीस?"

"भाकर वाढू का म्हनलं," कस्तुराबाई मोठ्यानं म्हणाल्या.

"वाढ एक."

सरांचा घास तोंडाशी राहिला. कान बदलता येत नाही. मग बोलणाऱ्याचा आवाजच निम्मा करायचा. डब्याचं बटण हजारावरून हलत नसेल तर नसो. सेन्सर टेम्पोच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर जेवत होता, आणि जेवढं जेवे तेवढ्या प्रमाणात बोले. त्याला सहा व्होल्टच दिले तर तो निम्मंच बोलेल. निम्म्याची हजार पट केली तर आकडा दहाच्या आत येईल. ते ताटावरून तसेच उठले, हात न धुताच अंगणात उकिडवे बसले आणि धुळीत बोटानं गणित करायला लागले. कस्तुराबाईंना वाटलं, ठेचा लागला. त्यांनी पाणी पाठवलं.

"सहा व्होल्टची बॅटरी पाहिजे," सर म्हणाले. "जुन्या मोटारसायकलीत असते तसली. कुणाकडं आहे?"

सगळ्यांनी बांधाच्या दिशेनं बघितलं. जुनी फटफटी राहूत त्या घडीला एकच होती, आणि ती खुटबावची होती.

दगडोबानं बॅटरी द्यायला नकार दिला नाही. तो म्हणाला, बॅटरी आपलीच हाय, अट एकच. पहिलं तास माझ्या जोडीचं पडंल. आप्पा म्हणाले, माझ्या वावरात पहिलं तास खुटबावच्या बैलाचं पडायचं असेल तर वावर पड ठेवीन. दगडोबा म्हणाला, मग मी फटफटीवर बसून घरला जातो. आणि तो खरोखरच किक मारायला लागला. जुनी फटफटी असल्यामुळं त्याला वेळ लागत होता. तेवढ्या वेळात बानू पुढं झाली.

"मामा," ती म्हणाली, "बैलं कुनाची का आसंनात. पर ह्यो नांगुर माघारी गेला तर ह्ये पुन्यांदा नांगराला हात लावनार न्हाईत. मला म्हाईत हाय. मी ह्येंचा हात बघती रोज. जाळीचं काम करताना त्यो झोपल्यावानी असतो. माहेरला आले ती काय शून्य घिऊन जायाला न्हाई आले."

आप्पांनी गनीकडं बघितलं. गनी नांगराच्या पात्याला लागलेली माती अंगठ्यानं काढत होता, जशी लहान पोराच्या गालाची काढतात तशी. आप्पांनी पटका काढला, झटकला आणि वावराकडं पाठ करून ओसरीच्या मेढीला टेकून बसले. "पडू दे काय पडायचं त्ये," ते म्हणाले. "म्या न्हाई बघनार."

दगडोबानं किक मारायचं थांबवलं. बॅटरी निघाली. तिच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली होती, ती गनीनं कानशीनं घासून लखलखीत केली. त्या दिवसात त्याच्या हाताला मिळालेलं पहिलं काम ते. डबा टेम्पोच्या बॅटरीवर राहिला आणि सेन्सर दगडोबाच्या. घमेलं आता जड झालं, म्हणून दत्ताच्या जोडीला आणखी एकजण दिला.

दगडोबाची जोडी निघाली. सर पडद्यावर डोळे लावून चालत होते. या वेळी आकडा शून्य नव्हता आणि दहाही नव्हता. तो जिवंत होता. ढेकूळ आलं की वर जायचा, मऊ माती आली की खाली यायचा. सात, सव्वासहा, पावणेसात, साडेसहा. सरासरी निघाली सहा पूर्णांक सहा. सरांनी वहीत हिशेब करून सांगितलं, एकशे दहा किलो.

"सहा?" पाठमोरे आप्पा म्हणाले. "धातले सहाच?"

मग त्यांची पाठ आपोआप फिरली. मथुऱ्या आणि वजीर यांच्या अंगावरच्या झुली त्यांनी स्वतः काढल्या, कासरा घेतला आणि तोच नांगर धरला. आता या सहाला काय ते दाखवतो, असं त्यांच्या चालण्यात लिहिलेलं होतं. शेजारचं तास तेवढंच खोल, तेवढंच लांब पडलं. सरासरी निघाली सहा पूर्णांक सहा.

आता बोलणं भाग होतं. सरांनी आयुष्यात अनेक अवघड गोष्टी सोप्या करून सांगितल्या होत्या, पण समोर बैलाचा मालक कधी नव्हता. ते चाचरत म्हणाले की आप्पा, हा आकडा बैलांचा नाहीच. नांगराला मातीतून जायला जेवढं लागतं तेवढंच बैल ओढतात, मग ते कुणाचेही असोत. यात बैलांची ताकद मोजलीच जात नाही.

आप्पा विचारात पडले. "म्हंजी सकाळपासनं माझ्या बैलांचं काय मोजलं तुमी?"

"काहीच नाही."

"शून्य आला व्हता, त्यो?"

"तो त्यांचा नव्हता."

"आन् ह्येच्या बैलाचे धा?"

"तेही त्यांचे नव्हते."

आप्पांनी मथुऱ्याच्या गळ्याखाली खाजवलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. "आसं सांगा की मग. माझी बैलं मोजायचं यंत्रच न्हाई तुमच्यापाशी." आणि ते दगडोबाकडं वळले. दगडोबालाही या निकालात तोटा दिसला नाही. "माझीबी न्हाई मोजली," तो म्हणाला.

मग आप्पांचा गंजका नांगर लावला. बैल तेच, खोली तीच. सर पडदा बघत चालले आणि निम्म्या तासातच त्यांची चाल मंदावली. आकडा आठाच्या खाली यायला तयार नव्हता. सरासरी आठ पूर्णांक एक. किलोत एकशे पस्तीस. सरांनी गणित दोनदा केलं. मग वही गनीसमोर धरली.

"पंचवीस किलो कमी," ते म्हणाले. "तुमच्या नांगराला पंचवीस किलो कमी ओढ लागते, मिस्त्री."

गनीनं वहीतला आकडा बघितला, पण त्याला तो दिसत होता की नाही कोण जाणे. "पंचवीस म्हंजी किती व्हत्यात?" त्यानं विचारलं. वीस वर्षं लोखंड तोलणाऱ्या माणसाला पंचवीस किलो म्हणजे किती ते त्या घडीला समजत नव्हतं.

"तेलाचा एक भरल्याला डबा," बानू म्हणाली, "आन् वर धा किलो ज्वारी. दीसभर बैलाच्या मानंवरनं उतरली."

आप्पा गंजक्या नांगराकडं बघत राहिले. मग बैलांच्या मानांकडं बघितलं. यादी लागली की पहिला नांगर आपल्याला, असं ते म्हणाले. दगडोबानं आपल्यालाही एक लागेल म्हणून सांगितलं, फक्त तो आप्पांच्या आधी मिळाला पाहिजे. गनी दोघांनाही हो म्हणाला.

सरांनी गुरुवारी कॉलेजात बसून अहवाल केला. बावीस पानांचा. त्यात सेन्सरचा आवाका आणि डब्याचा आवाका कसा जुळवला त्याची आकृती होती, तीन आलेख होते, आणि ऋणनिर्देशात कस्तुराबाईंचं नाव होतं. शुक्रवारी गनी आणि बानू कवठ्याहून पहिल्या एसटीनं पुण्यात आले. सरांसह तिघं अवजार मान्यता कक्षात पोचले तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. खिडकीत बसलेल्या बाईंनी एक छापील कागद पुढं सरकवला. सरांनी अहवाल पुढं सरकवला. बाईंनी तो परत सरकवला आणि जोडपत्रं घेत नाही, फाइल जाड होते असं सांगितलं. सरांनी विचारलं की मग ओढीचा आकडा लिहायचा कुठं? बाईंनी पेनाच्या टोकानं चौदावा रकाना दाखवला.

रकाना असा होता : ओढ मोजली काय? होय / नाही.

सरांनी 'होय'वर खूण केली. डिसेंबरात यादी निघाली. गनी मिस्त्रीचा नांगर तिच्यात सतराव्या क्रमांकावर होता. सोळाव्या क्रमांकाच्या नांगरापुढं चौदाव्या रकान्यात 'नाही' लिहिलेलं होतं.